जिभाऊ, मॅक फॉरमॅट होऊ दिला नाही त्याबद्दल थँक्यू

जिभाऊ, नमस्कार. त्या दिवशी फोनवर नीट बोलणंच झालं नाही, तुम्हाला पुण्यात ऑफिसला पळायचं होतं आणि माझ्यासमोर गिऱ्हाईक उभं, म्हणून इथे सगळ्यांसमोरच लिहितेय.

बाकीच्यांना सांगते, अमळनेरला माझं घरूनच लग्नपत्रिका डिझाईनचं काम चालतं, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी तर श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि नेमकं तेव्हाच मॅक मिनीवरचं डिझाईनचं सॉफ्टवेअर उघडेना. डॉकमध्ये आयकॉन उड्या मारायचा, मागच्या फायलींची यादी दिसायची आणि धाडकन बंद. ॲप ट्रॅशमध्ये टाकलं, परत इन्स्टॉल केलं, रिस्टार्ट मारला, तरी तेच. एका दुकानात विचारलं तर सरळ "फॉरमॅट मारावा लागेल, डेटाची गॅरंटी नाही". आता माझे अहिराणी पत्रिकांचे सगळे टेम्प्लेट त्यातच, मी काय करणार होते?

तुम्ही मात्र फॉरमॅटचं नावच काढलं नाही. पहिला प्रश्न विचारला, की ॲप नवीन टाकल्यावरही जुन्या फायलींची यादी दिसते का? दिसते म्हटलं, तर तुम्ही हसले, म्हणे मग ते नवीन कुठंय, ॲप काढलं तरी त्याची सेटिंग्ज लायब्ररी नावाच्या फोल्डरमध्ये तशीच राहतात आणि नवीन ॲप येऊन तीच जुनी उचलतं. इतकी वर्षं मॅक वापरतेय, हे कोणी सांगितलंच नव्हतं.

मग सिस्टिम सेटिंग्जमधून युजर्स अँड ग्रुप्समध्ये एक नवीन युजर बनवायला लावला आणि त्यात लॉगिन करून तेच ॲप उघडायला सांगितलं. उघडलं! एकदम मख्खन. म्हणजे ॲप ठीक, मॅकओएस पण ठीक, घाण माझ्याच युजरमध्ये. तुमचं ते वाक्य अजून कानात आहे, "घाबरू नको ताई, तुनं काहीच जायेल नही शे" (तुझं काहीच गेलेलं नाही).

लायब्ररी फोल्डर तर मला सापडतच नव्हतं, २०११ च्या लायन या मॅकओएस व्हर्जनपासून ते लपवलेलं असतं म्हणे. फाइंडरच्या गो मेनूत ऑप्शन की दाबून धरली तेव्हा कुठे यादीत उगवलं. त्यातून तुम्ही एकही फाईल डिलीट करू दिली नाही हे मला सगळ्यात आवडलं. डेस्कटॉपवर "जुनं" नावाचं फोल्डर करून आधी प्रेफरन्सेसमधली त्या ॲपची पीलिस्ट (सेटिंग्ज साठवणारी) फाईल त्यात हलवली, रिस्टार्ट केलं (आणि खिडक्या परत उघडण्याची टिकमार्क काढायला लावली, मॅक सेटिंग्ज मेमरीत धरून बसतो म्हणून रिस्टार्ट), तरी बंदच पडलं. मग लायब्ररीतल्याच ॲप्लिकेशन सपोर्टमधलं त्याचं अख्खं फोल्डर हलवलं आणि ॲप उघडलं, एकदम कोरं, पहिल्यांदा घेतल्यासारखं.

मला वाटलं झालं, पण तुम्ही म्हणे थांब, तुझे टेम्प्लेट त्या जुन्यातच आहेत. मग ॲप बंद करायचं, एकेक फोल्डर परत जागेवर ठेवायचं, ॲप उघडून बघायचं. टेम्प्लेट ठेवले, चाललं. रंगांचे पॅलेट ठेवले, चाललं. वर्कस्पेसचं (टूलबारच्या मांडणीचं) फोल्डर ठेवलं आणि धाडकन बंद, सापडला चोर! बहुतेक ती फाईल सेव्ह होताना लाईट गेली असेल असं तुम्ही म्हणाले, आमच्याकडे उन्हाळ्यात लाईटचं काय ते तुम्हाला सांगायला नको आणि मॅक मिनीला बॅटरी नसते. तेवढं एक फोल्डर बाहेर काढलं, टूलबार परत हाताने लावले, बस. यूपीएस घेतलाय आता, टाईम मशीनसाठी (मॅकच्या बॅकअपसाठी) हार्ड डिस्क पण.

त्या रात्रीच पत्रिका छापायला गेल्या, नवरदेवाच्या घरी काही कळलं पण नाही. पैशाचं विचारलं तर तुम्ही फोनच ठेवून दिला, हे काही बरोबर नाही केलं जिभाऊ. पुढच्या वेळी गावाकडे आले की घरी यायचं, वहिनींना घेऊन, भरीत-भाकरी आणि कळण्याच्या पुऱ्या, नाही म्हणायचं नाही.

आणि एक राहिलंच. तो टेस्टवाला युजर तुम्ही ठेवायला सांगितला होता तो ठेवलाय, पण डेस्कटॉपवरचं "जुनं" आता उडवू का, का अजून राहू देऊ?