परतायला स्पर्धा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडापानावर जुन्या महिला खेळाडूंवर अधूनमधून लेख येतात. ते मी आवर्जून वाचते. शाळेत क्रीडाशिक्षिका म्हणून नोकरी झाल्यामुळे ती सवय सुटत नाही. पण यातले निम्मे लेख शेवटाला एकाच वाक्यावर येऊन बसतात : ‘पुढे लग्न झाले आणि संसारासाठी तिने खेळ सोडला.’ कौतुकानेच लिहिलेले असते, पण ‘सोडला’ म्हटले की पुढे कोणी काही विचारत नाही.

या साच्यात न बसणारी एक बाई आहे, म्हणून हे पत्र. तिचे नाव ग्लेना कॉलेट व्हेअर. अमेरिकेची गोल्फपटू, आणि शेवटपर्यंत हौशी. म्हणजे बक्षिसाची रक्कम नाही, खर्च मात्र स्वतःचा. गोल्फशी माझा संबंध येरवड्यातून जाताना कुंपणाआड दिसणाऱ्या हिरवळीपुरताच, तेव्हा जाणकारांनी चूकभूल द्यावी-घ्यावी.

ग्लेनाचा जन्म १९०३ चा. ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स शहरात ती वाढली. वडील सायकल शर्यतींतले नावाजलेले खेळाडू. पोरगी भावाच्या टोळीत बेसबॉल खेळायची. आईला ते फारसे रुचले नाही, तिने टेनिसकडे वळवले. मग चौदाव्या वर्षी वडिलांबरोबर गोल्फच्या मैदानावर गेली आणि तिथलीच झाली. गोल्फची यूएस ओपन स्पर्धा दोनदा जिंकलेले ॲलेक्स स्मिथ तिचे गुरू. १९२२ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, ती अमेरिकेची महिला हौशी विजेती झाली. पुढे १९२५, आणि मग १९२८, २९, ३० अशी सलग तीन वर्षे.

१९२४ चे वर्ष तर सांगण्यासारखेच आहे. त्या वर्षी ती साठ सामने खेळली आणि एकोणसाठ जिंकली. जो एक हरली तो राष्ट्रीय स्पर्धेचा उपांत्य सामना, तोही स्वतःच्या राज्यातल्या मैदानावर. समोर मेरी के. ब्राउन, मूळची टेनिसची विजेती. एकेका भोकापर्यंतचा खेळ म्हणजे एक होल, आणि कमी फटक्यांत चेंडू भोकात घालील तिने तो होल जिंकला. अठरा होलनंतर बरोबरी, म्हणून एकोणिसावा होल. तिथे ब्राउनचा चेंडू ग्लेनाच्या चेंडूवर आपटला आणि कॅरममधल्या सोंगटीसारखा वळून भोकात गेला. वर्षभराच्या खेळावर एवढ्याशा टकरीने पाणी पडले. (त्या काळी वाटेतला दुसऱ्याचा चेंडू उचलायची सोय नसे.) ब्राउनबाईही पुढे अंतिम सामना हरल्या, तो भाग वेगळा.

१९३१ मध्ये तिचे लग्न झाले, फिलाडेल्फियातल्या एडविन व्हेअर ज्युनियर यांच्याशी. त्याच वर्षी ती अंतिम सामना हरली. पुढच्या वर्षीही हरली, आणि जिला तिने १९२८ च्या अंतिम सामन्यात धुवून काढले होते त्या व्हर्जिनिया व्हॅन वाय हिनेच तिला धुवून काढले. मग मुलगी झाली, मुलगा झाला. आपल्याकडचा लेख इथे संपला असता. शेवटी ते ठरलेले वाक्य आणि शाल-श्रीफळाचा फोटो.

१९३५ ची राष्ट्रीय स्पर्धा मिनीॲपोलिसच्या इंटरलाकन क्लबवर होती. अंतिम फेरीत ग्लेना, वय बत्तीस, दोन लहान लेकरांची आई. समोर पॅटी बर्ग, वय सतरा, लाल केसांची, गावातलीच आणि त्याच क्लबची. गर्दी पंधरा हजारांच्या घरात होती असे सांगतात, आणि सारे गाव पोरीच्या बाजूने असणार हे उघडच आहे. छत्तीस होलचा सामना चौतिसाव्या होलवर संपला. ग्लेना तीन होलनी पुढे, खेळायचे उरले दोन. पॅटीला गाठायला वावच राहिला नाही. ग्लेनाचा हा सहावा किताब. ही स्पर्धा सहा वेळा जिंकणे आजवर दुसऱ्या कोणालाही जमलेले नाही.

ही पॅटी बर्ग पुढे व्यावसायिक झाली आणि १९५० साली ज्या तेरा जणींनी महिलांची व्यावसायिक गोल्फ संघटना उभी केली त्यांच्यात तीही होती. वर्षभरात सरासरी सर्वांत कमी फटक्यांत खेळणारीला ही संघटना एक करंडक देते, त्याचे नाव ‘व्हेअर ट्रॉफी’. पहिल्यांदा तो दिला गेला १९५३ मध्ये, आणि मिळाला पॅटी बर्गलाच. एक पैसा न घेता खेळलेल्या बाईचे नाव पैशासाठी खेळणाऱ्या बायकांच्या मोठ्या मानाच्या करंडकाला मिळाले. मला याहून गंमत वाटते ती वेगळीच. त्या काळी गुणफलकावर विवाहितेचे नाव ‘मिसेस’ लावून नवऱ्याच्या नावाने लिहीत. आज व्हेअर हे आडनाव गोल्फमध्ये कोणामुळे माहीत आहे, हे सांगायला नको.

पण मला ज्यासाठी लिहायचे आहे ते याच्या पुढचे आहे. १९३५ नंतर तिने राष्ट्रीय किताब जिंकला नाही. मुले वाढवली, घर सांभाळले, ब्रिज खेळली, भरतकाम केले, बंदूक घेऊन नेमबाजीही केली. ब्रिटन-आयर्लंडविरुद्धच्या सामन्यांत अमेरिकेची कर्णधार म्हणून उतरली. आणि ऱ्होड आयलंडमध्ये समुद्रकाठच्या पॉइंट ज्युडिथ क्लबवर दर उन्हाळ्यात होणाऱ्या महिलांच्या स्पर्धेत ती उतरत राहिली. १९५९ मध्ये, छप्पनाव्या वर्षी, राज्याची विजेती झाली. १९८६ मध्ये पॉइंट ज्युडिथला ती खेळली तेव्हा तिचे वय त्र्याऐंशी होते आणि त्या स्पर्धेत उतरण्याचे तिचे ते सलग बासष्टावे वर्ष होते. १९८९ मध्ये ती गेली.

आता कोणी म्हणेल, बाई पैसेवाली होती. होतीच. व्हेअर म्हणजे कंत्राटदारी आणि राजकारणात मुरलेले बडे घराणे. तिला पाणी भरायचे नव्हते की डबे करायचे नव्हते. गोल्फ क्लबचे दार त्या काळी कोणाला उघडे होते आणि कोणाला नाही, हेही सर्वांना ठाऊक आहे. तिचा कित्ता गिरवा, असे मी माझ्या विद्यार्थिनींना कुठल्या तोंडाने सांगू? शिवाय गोल्फमध्ये वय झाकायची सोय आहे : हँडिकॅपमुळे कच्च्या खेळाडूला ठरावीक फटक्यांची सूट मिळते, म्हणून सासू आणि सून एकाच स्पर्धेत खरोखरीच्या चुरशीने खेळू शकतात. खो-खोत गुडघे अशी सूट देत नाहीत.

तरी एक गोष्ट पैशाने येत नाही. बासष्ट वर्षे उतरायला बासष्ट वर्षे चालणारी स्पर्धा लागते. घराजवळची, दर वर्षीची, वयाची अट नसलेली. ती होती म्हणून ग्लेनाला संसार की खेळ हा निवाडा करावा लागला नाही. एखादे वर्ष घराने जास्त मागितले तर तिने राष्ट्रीय स्पर्धा वगळली असेल, उन्हाळ्यातला क्लब मात्र तिथेच होता.

आमच्या शाळेत खो-खोची एक मुलगी होती. खांबावर अशी सूर मारायची की पळणारीला वळायला वेळ मिळत नसे. राज्य पातळीपर्यंत गेली. लग्नानंतर शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्याला आली ती कडेवर बाळ घेऊन. मुलींचा सराव चालला होता. बाळ माझ्याकडे दिले, ओढणी कमरेला खोचली आणि दोन डाव खेळली. पळणाऱ्या मुलींतल्या एकीला तिने सूर मारूनच बाद केले. मग कोपर झटकत म्हणाली, “बाई, पुढची मॅच कधी?” मला उत्तर देता आले नाही, कारण तिच्यासाठी पुढची मॅच नव्हतीच. तिने खेळ सोडला असे कोणी लिहिले तर मी ते मान्य करणार नाही.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोक एका फटक्याने पदकाला मुकली तेव्हा तिची बॅग वाहणाऱ्या आईचे आपण सगळ्यांनी कौतुक केले, ते रास्तच होते. लेकीसाठी उन्हात उभी राहणारी आई आपल्या पानांवर खूप दिसते. स्वतः खेळणारी आई शोधावी लागते. मास्टर्स ॲथलेटिक्समध्ये पस्तिशीपुढच्या बायका धावतात, उड्या मारतात, थाळी फेकतात. त्यांचा निकाल मला वर्तमानपत्रात क्वचित सापडतो, आणि सापडला तर सोबत ‘आजीबाईंची कमाल’ असला मथळा असतो. त्र्याऐंशीव्या वर्षी कोणाला आजीबाई म्हणा, पण पस्तिसाव्या?

म्हणून दोन विनंत्या. जुन्या खेळाडूवर लेख लिहिताना आपल्या प्रतिनिधींनी तिला विचारावे की शेवटचा सामना कुठे झाला, आणि त्यानंतर तिच्यासाठी जिल्ह्यात कोणती स्पर्धा होती. उत्तर ‘कोणतीच नाही’ असले तर तेही छापावे. आणि दुसरे, येत्या हिवाळ्यात आम्ही काही निवृत्त शिक्षिका मिळून तिशीपुढच्या महिलांसाठी खो-खो आणि रिंग टेनिसचे सामने घ्यायचे म्हणतो आहोत. मैदान शाळेचे, प्रवेश शुल्क नाही, मुले सांभाळायला आम्ही आहोत. निकाल त्याच संध्याकाळी टाइप करून पाठवीन. क्रीडापानावर चार ओळींची जागा मिळेल का, तेवढे कळवावे.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, पुणे