नमुन्याबरोबर त्याची हकिकतही येऊ द्या

माननीय आरोग्यमंत्री,
सविनय नमस्कार.

शहराच्या सार्वजनिक आरोग्य विभागात मी रेणवीय साथरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. पदनाम जड आहे, काम सांगायला सोपे. रुग्णाच्या नमुन्यातल्या जंतूची जनुकीय अक्षरे वाचायची आणि हा आजार कुठून आला, आणखी कोणाकडे गेला असेल, याचा माग काढायचा. प्रयोगशाळेसाठी आपण जनुकीय क्रमनिर्धारणाचे, म्हणजे ही अक्षरे वाचण्याचे, यंत्र मंजूर केलेत, त्याबद्दल आभार. हे पत्र यंत्राच्या दोन्ही बाजूंना जे तुटलेले आहे त्याबद्दल आहे.

एक प्रसंग सांगते. एका इमारतीत क्षयाचे दोन रुग्ण सापडले. पहिल्याकडूनच दुसऱ्याला लागण झाली, असे सगळ्यांनी धरून चालले होते. शेजाऱ्यांनी त्या पहिल्या कुटुंबाशी बोलणेही टाकले होते. क्षयाच्या जंतूच्या जनुकसंचात सुमारे ४४ लाख अक्षरे असतात आणि दोन वर्षांत त्यातले जेमतेम एखादे बदलते. त्यामुळे दोन रुग्णांच्या जंतूंत पाच किंवा त्याहून कमी अक्षरांचा फरक असेल, तर संसर्ग अलीकडचा असावा असे समजून आम्ही चौकशी करतो. फरक बाराच्या वर गेला की थेट संबंध जवळपास नाकारता येतो. या दोघांच्या जंतूंत शेकडो अक्षरांचा फरक निघाला. म्हणजे त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. उलट शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या तिसऱ्याच रुग्णाचा जंतू दुसऱ्याच्या जंतूशी दोन अक्षरे सोडता तंतोतंत जुळला.

पत्ते वेगळे, नाती नाहीत, ओळख नाही. शेवटी आमच्या आरोग्यसेविका दोघांच्या घरी पुन्हा गेल्या आणि त्यांनी फॉर्मवर नसलेला प्रश्न विचारला, "रात्री कुठे असता?" दोघेही एकाच बंदिस्त खोलीत रात्रपाळी करत होते, वेगवेगळ्या ठेकेदारांकडे.

हे कळायला किती वेळ लागला, ते मात्र आपल्यापर्यंत पोहोचायला हवे. दवाखान्याच्या नोंदवहीतला क्रमांक वेगळा, प्रयोगशाळेतल्या नळीवरचा वेगळा. कोणती नळी कोणत्या रुग्णाची, हे हाताने जुळवण्यात काही महिने गेले. तोवर त्या खोलीतले आणखी दोघे खोकू लागले होते. यंत्राने आपले काम काही दिवसांत संपवले होते, आम्ही अडलो ते नोंदवहीत. मला आजही त्या दोघांची आठवण येते.

तारीख, ठिकाण आणि माणसाची हकिकत नसलेला जनुकीय क्रम म्हणजे पाकिटाविना आलेले पत्र. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूची भयंकर साथ आली. सुमारे ३,८०० लोक आजारी पडले, ५० हून अधिक दगावले. सुरुवातीला संशय स्पेनहून आलेल्या काकड्यांवर गेला आणि तिथल्या शेतकऱ्यांचे अतोनात नुकसान झाले. काकड्यांवरचा जंतू साथीचा नव्हेच, हे प्रयोगशाळेने दाखवले. पण खरा दोषी, मोड आलेली मेथी, सापडला तो माणसांना विचारून: उपाहारगृहात कोणी कोणता पदार्थ घेतला आणि त्या पदार्थात काय काय पडले होते, हे खोदून खोदून विचारल्यावर. एकाने निर्दोषाला सोडवले, दुसऱ्याने दोषीला पकडले. ही दोन्ही कामे एका छताखाली, एकाच आठवड्यात व्हावीत, एवढेच माझे मागणे आहे.

दुसरी अडचण अलीकडे वाढत चालली आहे आणि तिची फारशी चर्चा होत नाही. खासगी प्रयोगशाळा आता जुलाबाच्या रुग्णांची झटपट पीसीआर तपासणी (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी) करतात. रुग्णाच्या दृष्टीने हे उत्तमच, तासाभरात निदान होते. पण या तपासणीत जंतू वाढवला जात नाही. साल्मोनेला आहे एवढे कळते, जंतू हाती येत नाही, आणि जंतूच नसेल तर त्याची पूर्ण अक्षरे वाचणे फार अवघड होते. दहा घरांत दहा निदाने होतात, ती एकाच स्वयंपाकघरातून आली का हे कोणालाच सांगता येत नाही. तपासणीत जंतू आढळला की उरलेला नमुना सार्वजनिक प्रयोगशाळेकडे कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवण्यासाठी, पाठवणे बंधनकारक करावे, आणि त्याच्या वाहतुकीचा खर्च विभागाने उचलावा. खर्च खासगी प्रयोगशाळेवर टाकलात तर नियम कागदावरच राहील.

सांडपाण्याच्या तपासणीबद्दल आपण उत्साही आहात, आणि ते योग्यच आहे. २०२२ मध्ये लंडनच्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडला तेव्हा लागोपाठच्या नमुन्यांतले विषाणू एकमेकांशी नाते सांगत होते. म्हणजे विषाणू पाहुण्यासारखा येऊन गेला नव्हता, तो वस्तीत फिरत होता. त्या आधारावर १ ते ९ वर्षांच्या मुलांना लशीची जादा मात्रा देण्याचा निर्णय झाला. हा निर्णय नुसत्या 'आढळला' या एका शब्दावर घेता आला नसता.

आणि एक भीती, जी मला झोपू देत नाही. दोन रुग्णांचे जंतू जुळले म्हणजे कोणी कोणाला आजार दिला हे सिद्ध होत नाही. मधे तिसरा माणूस असू शकतो, ज्याची तपासणीच झालेली नाही. ही माहिती पोलिसांकडे, मालकाकडे किंवा घरमालकाकडे गेली, तर लोक आमच्यासमोर तोंड उघडणार नाहीत, आणि त्यांचा दोष नसेल. एचआयव्हीबाबत तर हा प्रश्न जिवावर बेतणारा आहे. म्हणून दवाखान्याच्या आणि प्रयोगशाळेच्या नोंदी जोडताना नावे कोण पाहू शकेल, किती काळ, आणि कशासाठी कदापि नाही, हे कायद्याने बांधून द्या. या अटीशिवाय जोडणी होणार असेल तर मी स्वतः तिला विरोध करीन.

राहता राहिली माणसे. हे काम शिकायला वर्षे लागतात. कोणते अक्षर खरोखर बदललेले आहे आणि कोणते यंत्राने चुकीचे वाचले, हे ओळखणारी नजर अकरा महिन्यांच्या करारात तयार होत नाही. माझ्या दोन सहकाऱ्यांचे करार तीन महिन्यांत संपत आहेत. फ्रीझरमधल्या जुन्या नळ्यांपैकी कोणती कोणत्या रुग्णाची, हे आज तरी त्या दोघांच्याच वहीत आहे. त्यांच्या पदांचा प्रस्ताव आपल्या कार्यालयात पोहोचलेला आहे. मुदतीआधी त्यावर निर्णय व्हावा, ही विनंती.

कळावे.

आपली,
शहर आरोग्य विभागातील एक रेणवीय साथरोगतज्ज्ञ