इबोगाच्या बियांविषयी

लिब्रेव्हिल, गाबोन

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. दापोलीच्या रोपवाटिकेत इबोगा लावून पाहण्याची तुझी इच्छा समजली. परंतु बिया मी पाठवणार नाही, आणि त्यामागची कारणे तुला सविस्तर कळवणे मला आवश्यक वाटते.

दिसायला हे झुडूप अगदीच साधे आहे. कुळ आपल्या तगरीचेच, त्यामुळे फांदी मोडली की तसाच पांढरा चीक येतो. फळ नारिंगी, लांबट आणि टोकाला निमुळते असते. त्याचा गर रानहत्ती आवडीने खातात आणि बियांचा प्रसारही करतात. बी वाळले की त्याची उगवणशक्ती लवकर जाते, म्हणून ताजे बी पालापाचोळ्याच्या मातीत, सावलीत पेरावे लागते आणि ओल टिकवून कित्येक आठवडे वाट पाहावी लागते. मुळाची साल उपयोगात येण्याइतकी जून व्हायला पुढे ५ ते ७ वर्षे सहज जातात. तुझ्यासारख्या चिकाटीच्या माणसाला हे जमेलही, पण अडचण लागवडीची नाहीच.

येथील ब्विती पंथात दीक्षेच्या वेळी ही कडूजहर साल खातात आणि वीणेसारख्या वाद्याच्या साथीने रात्रभर विधी चालतो. त्या सालीतील इबोगेन हे भ्रम निर्माण करणारे द्रव्य १९०१ मध्ये वेगळे करण्यात आले. १९६२ मध्ये हॉवर्ड लॉटसॉफ या अमेरिकी तरुणाला त्याच्या सेवनानंतर हेरॉइनची तलफ उरली नसल्याचे जाणवले, तेव्हापासून बाहेरच्या जगाची नजर या झुडपाकडे वळली. मात्र इबोगेन घेतल्यावर हृदयाची लय बिघडून काही जणांचे प्राण गेले आहेत, हेही तुला ठाऊक असावे.

कायद्याचे म्हणशील तर एकच उत्तर नाही. मनावर परिणाम करणाऱ्या द्रव्यांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९७१ च्या करारात इबोगेनचे नाव नाही. तरी अमेरिकेने ते अमली पदार्थांच्या सर्वांत कडक वर्गात टाकले आहे, फ्रान्सने २००७ मध्ये बंदी घातली, तर न्यूझीलंडमध्ये ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळू शकते. गाबोनमध्ये मात्र परसात इबोगा लावणे हा गुन्हा नाही. उलट २००० साली सरकारने त्याला राष्ट्रीय वारसा ठरवले. परदेशी मागणीपायी रानातली झुडपे मुळासकट उपटली जाऊ लागली, तेव्हा २०१९ मध्ये निर्यात थांबवण्यात आली आणि आता परवान्याशिवाय काहीही बाहेर नेता येत नाही. जैविक संपत्तीचा लाभ मूळ समाजालाही मिळावा असे सांगणाऱ्या नागोया करारावर सर्वप्रथम शिक्कामोर्तब करणारा देशही हाच. डॉ. माशेलकरांच्या काळात आपल्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, १९९७ मध्ये अमेरिकेतले हळदीचे पेटंट रद्द करवून घेतले, तेव्हा आपण केवढे खूष झालो होतो! मग या लोकांचे बी खिशात घालून आणायला मला कोणत्या तोंडाने सांगतोस?

शिवाय आपल्याकडेही २००३ च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशानुसार आयात परवाना आणि गाबोनमधील रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र असल्याशिवाय बी विमानतळाबाहेर काढता येत नाही. खरोखर संशोधनासाठी हवे असेल, तर कृषी विद्यापीठामार्फत रीतसर अर्ज कर. येथील कार्यालयांत कागद पुढे सरकवण्याचे काम मी आनंदाने करीन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश