बाबा, हे जुलाब अंगावर काढू नका

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आठवडाभर पातळ होतंय हे आईकडून कळलं. "टँकरचं पाणी बाधलं असंल," असं तुम्ही म्हणालात. असेलही. पण किडनी बदललेल्या माणसाचे जुलाब गावातल्या चारचौघांसारखे धरता येत नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते. दादाकडून नीट वाचून घ्या.

शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून तुमच्या गोळ्या प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतात. मग आतड्याला सूज यायला निमित्तं बरीच. त्यातल्याच मायकोफेनोलेटच्या गोळीनेही जुलाब होतात. अँटिबायोटिकनंतर सी. डिफिसिल नावाचा जंतू माजतो. मला धास्ती आहे ती सीएमव्हीची, म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरसची. हा विषाणू आपल्याकडे बहुतेकांच्या अंगात लहानपणापासून निपचित असतो. प्रतिकारशक्ती दबली की उठतो, आतड्यात व्रण करतो, संडासवाटे रक्तही जातं. त्याला रोखणारी तुमची गोळी संक्रांतीनंतर बंद झाली आहे. कधी कधी तो रक्तात सापडत नाही, दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून तपासावा लागतो. दुर्बिणीला नाही म्हणू नका, बाबा. सापडला तर त्यावर औषध आहे.

ताप नाही, पोट दुखत नाही, यावर जाऊ नका. स्टिरॉइडमुळे दोन्ही झाकलं जातं.

जुलाबात औषध वाहून जातं असं आपल्याला वाटतं. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या तुमच्या टॅक्रोलिमस गोळीचं मात्र उलटं होऊ शकतं: रक्तातली पातळी वाढते आणि ती किडनीलाच बाधते. त्यात अंगातलं पाणी कमी झालं की क्रिएटिनिन चढतं, म्हणजे किडनीचं काम मंदावतं. म्हणून पातळी तपासायची. टॅक्रोलिमसची सकाळची गोळी न घेता जायचं, ती खिशात ठेवायची, रक्त दिल्यावरच घ्यायची. बाकी आपल्या मनाने एकही गोळी बंद किंवा कमी करू नका. मेडिकलवरून जुलाब बंद करायची गोळी तर मुळीच आणू नका. काही अँटिबायोटिकही टॅक्रोलिमसची पातळी बिघडवतात.

आई, तू स्वतःची किडनी दिलीस, आता जरा कडक हो. पाणी बोअरचं असो की टँकरचं, खळखळ उकळूनच दे. उसाचा रस, बर्फाचा गोळा नको. संडास किती वेळा, लघवी किती, वजन किती, वहीत लिहून ठेव.

संभाजीनगरच्या डॉक्टरांशी बोलले आहे. दादा उद्या पहाटे गाडी काढतोय. फाइल, गोळ्यांचा डबा आणि ती वही घ्या. मी पुण्याहून थेट दवाखान्यात येते.

तुमची लेक