रतीब लावण्याआधी गोठ्याचा अहवाल मागा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत प्रतिकारशक्तीवर आलेला लेख वाचला. त्यात सायटोकाइनचा उल्लेख एकदाच येतो, तोही कोविडमधल्या 'सायटोकाइन वादळा'पुरता, म्हणजे प्रतिकारशक्ती बेफाम होऊन शरीरावरच उलटते त्यापुरता. त्याच पानावर खाली चौकटीत मात्र देशी गाईचे कच्चे, न उकळलेले दूध प्यायल्याने प्रतिकारशक्ती 'वाढते' असे छापले आहे. मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेला पशुवैद्यक. नोकरीचा बराच काळ शिरूर-जुन्नरकडच्या गोठ्यांत गेला. त्यामुळे लेखापेक्षा ती चौकटच मला जास्त खटकली.

सायटोकाइन म्हणजे रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी सोडतात ती लहान प्रथिने. ती माणसात आहेत तशीच गाईतही आहेत. ताप चढतो तो इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ या त्यांच्यातल्याच मंडळींमुळे. पण ही प्रथिने जितकी जास्त तितके बरे, असे अजिबात नाही. कासदाहाचेच, म्हणजे जंतूंमुळे कासेला येणाऱ्या सुजेचेच पाहा. ई. कोलाय कासेत शिरला की टीएनएफ आणि इंटरल्युकिन-८ झपाट्याने वाढतात, पांढऱ्या पेशी कासेकडे धावतात, आणि सकाळी चारा खाणारी गाय संध्याकाळी आडवी पडलेली दिसते. तिला आडवे करण्यात जंतूइतकाच तिच्या स्वतःच्या सायटोकाइनचा हात असतो. स्टॅफिलोकॉकसच्या कासदाहात उलटा प्रकार. प्रतिसाद मंद, ताप नाही, सूज बेताची, आणि जंतू महिनोन् महिने कासेत मुक्काम ठोकून. आता सांगा, यातल्या कोणत्या गाईची प्रतिकारशक्ती 'वाढवायची'? २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या लाटेत, ज्या टोसिलिझुमॅबसाठी पुण्यात नातेवाईक वणवण फिरत होते, ते तर इंटरल्युकिन-६ चा निरोप पोहोचू न देणारे औषध आहे.

आता क्षयरोगाकडे येतो, कारण कच्च्या दुधाचा खरा प्रश्न तिथे आहे. संधिवातासाठी टीएनएफ रोखणारी इंजेक्शने सुरू करण्यापूर्वी डॉक्टर रुग्णाची टीबीची तपासणी करून घेतात. बऱ्याच रुग्णांना याचे नवल वाटते. गुडघे दुखतात आणि तपासणी फुप्फुसाच्या रोगाची! कारण साधे आहे. शरीरात दबून बसलेल्या क्षयजंतूंभोवती पेशींचा जो वेढा असतो, तो टिकवायला टीएनएफ लागते. ते रोखले की वेढा सैल पडतो आणि जुना टीबी उठतो. या तपासणीसाठी पुण्यातल्या प्रयोगशाळा जी 'इग्रा' नावाची रक्तचाचणी करतात, ती इंटरफेरॉन गॅमा या सायटोकाइनवर बेतलेली आहे. रक्तात क्षयजंतूची प्रथिने मिसळून ते रातभर शरीराच्या तापमानाला ठेवायचे. त्या जंतूशी पूर्वी गाठ पडलेल्या टी-पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) असतील तर त्या इंटरफेरॉन गॅमा सोडतात, आणि ते मोजायचे. (चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार जागा आहे असे नव्हे. जंतूशी ओळख झालेली आहे, एवढेच त्यातून कळते.)

ही चाचणी आधी गुरांसाठी तयार झाली, हे किती वाचकांना ठाऊक असेल? ऑस्ट्रेलियाने १९७० मध्ये गुरांचा टीबी संपवण्याची मोहीम हाती घेतली. कातडीत ट्युबरक्युलिन, म्हणजे क्षयजंतूंपासून काढलेला प्रथिनांचा अर्क, टोचायचे आणि तिसऱ्या दिवशी सूज मोजायची, ही जुनी पद्धत. मैलोन् मैल पसरलेल्या कुरणांवर तेच जनावर दोनदा धरणे म्हणजे दिव्य. मग १९८० च्या दशकाच्या अखेरीस सीएसआयआरओ या तिथल्या सरकारी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी गाईच्या रक्तातला इंटरफेरॉन गॅमा मोजण्याची चाचणी तयार केली. जनावर एकदाच धरायचे, रक्त काढायचे, सोडून द्यायचे. १९९७ अखेर तो देश गुरांच्या टीबीपासून मुक्त जाहीर झाला. त्याच तत्त्वावरच्या माणसांच्या चाचणीला अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळाली.

म्हणजे ज्या तपासणीवर आपण स्वतःसाठी विश्वास ठेवतो, ती मुळात गाईची. पण काचेच्या बाटलीतून कोथरूड-बाणेरला रतिबाने येणारे कच्चे दूध ज्या गाईचे आहे, तिची साधी कातडीची तपासणी तरी झाली आहे का, हे कोणी विचारत नाही. क्षयबाधित गाय दिसायला धडधाकट असू शकते आणि तिच्या दुधातून जंतू बाहेर पडू शकतो. लहान मुलांत मानेच्या गाठी, म्हणजे गंडमाळा, आणि आतड्याचा टीबी या वाटेने होतो. शिवाय गुरांकडून येणारा क्षयजंतू, मायकोबॅक्टेरियम बोव्हिस, टीबीच्या नेहमीच्या औषधांतल्या पायराझिनामाइडला मुळातच दाद देत नाही. देशी गाई संकरित गाईंपेक्षा या रोगाला कमी बळी पडतात हे खरे, पण पडतच नाहीत असे नाही. आणि दूध ए-टू आहे की ए-वन (दुधातल्या बीटा-केसीन प्रथिनाचे हे दोन प्रकार), याचा टीबीशी काडीचाही संबंध नाही. चौकटीत चिकाचीही भलामण आहे, म्हणून सांगतो: चिकातली प्रतिद्रव्ये वासराच्या आतड्यातून रक्तात जातात ती जन्मानंतरच्या साधारण पहिल्या चोवीस तासांत. पन्नाशीच्या गृहस्थांच्या आतड्यातून नाही. खरवस चवीसाठी खावा.

आजवर आपल्याला वाचवले ते दूध उकळण्याच्या घरोघरच्या सवयीने. 'कच्चे तेच पौष्टिक' म्हणत आपण नेमकी तीच मोडायला निघालो आहोत.

गोठेवाल्यांना दोष देण्यात मला रस नाही. गाय पॉझिटिव्ह निघाली तर पुढे काय? अनेक देशांत ती मारतात आणि मालकाला भरपाई देतात. महाराष्ट्रात गोवंशहत्याबंदीचा कायदा आहे. भरपाईची शाश्वती नसेल तर तपासणी करून कोण हात पोळून घेईल? त्यामुळे लसीचा विचार इथे जास्त लागू पडतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इथिओपियातल्या अभ्यासात बीसीजी ही टीबीची लस दिलेल्या गुरांमध्ये टीबीचा प्रसार जवळपास ९० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. बीसीजी दिल्यावर मात्र जुनी ट्युबरक्युलिन चाचणी गोंधळते, कारण लस आणि रोग यांतला फरक तिला कळत नाही. बीसीजीत नसलेली प्रथिने, ईसॅट-६ आणि सीएफपी-१०, वापरली की तो कळतो. याच दोन प्रथिनांवरची माणसांसाठीची कातडीची चाचणी आपल्या सीरम इन्स्टिट्यूटने आणली आणि २०२२ मध्ये तिला देशात मान्यता मिळाली. पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग औंधला आहे. लस आणि चाचणी करणारे सीरमवाले हडपसरला, जनावरांचे निदान करणारे औंधला. दोघे एका टेबलाशी बसले तर पुणे जिल्ह्यातल्या दुभत्या जनावरांसाठी काही प्रयोग उभा राहू शकेल. आपल्या वार्ताहरांनी दोन्हीकडे जाऊन हे विचारावे.

तोपर्यंत जे कच्चे दूध विकतात, त्यांनी गोठ्याची टीबी आणि ब्रुसेलोसिसची (कच्च्या दुधातून माणसाला होणारा गुरांचा आणखी एक रोग) शेवटची तपासणी कधी झाली ती तारीख बाटलीवर छापावी. ग्राहकांनी ती मागावी, आणि तारीख असो वा नसो, दूध उकळावे. त्या चौकटीची दुरुस्तीही त्याच पानावर, त्याच आकारात यावी, अशी विनंती.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक, औंध, पुणे