‘कसे काढलेस?’ हे विचारायला शिकवणाऱ्या बाईंस

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन आपण पंचवटीत आमच्या सोसायटीत राहायला आलात आणि रविवारी सकाळी आम्हा पालकांना एकत्र बसवू लागलात, त्याबद्दल हे जाहीर आभारपत्र लिहीत आहे. आपण मुलांची शिकवणी घ्याल अशी आमची अपेक्षा होती. आपण मात्र मुलांना खेळायला पाठवून आधी आम्हालाच समोर बसवलेत. ज्यांना स्वतःला गणित फारसे जमत नाही, अशा आईवडिलांनाही मुलांचे गणित पक्के करून घेता येते, हे आपण आम्हाला प्रत्यक्ष दाखवून दिलेत. ते इतर पालकांपर्यंतही पोहोचावे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती. तिच्या वहीत 503 वजा 278 या उदाहरणाचे उत्तर 375 असे लिहिलेले होते आणि त्यावर लाल फुली होती. आपण त्या फुलीविषयी काहीही न बोलता तिला एवढेच विचारलेत, “हे कसे काढलेस, मला सांगशील का?” आठातून तीन गेले पाच, सातातून शून्य गेले सात, पाचातून दोन गेले तीन, असे तिने न अडखळता सांगितले. वरचा अंक लहान दिसला, की ती खालच्या अंकातून वरचा वजा करीत होती. त्यात निष्काळजीपणा नव्हता. तिने स्वतःपुरता एक नियम करून घेतला होता आणि तो नियम उघड झाल्याशिवाय तिच्याकडून आणखी पन्नास उदाहरणे सोडवून घेतली असती, तरी तीच चूक पन्नास वेळा पक्की झाली असती. मग आपण तिला 375 मध्ये 278 मिळवायला सांगितलेत. उत्तर 653 आले, तेव्हा तीच म्हणाली, “पण आपल्याकडे तर 503च होते!” त्यानंतर आपण खेळातल्या शंभराच्या पाच नोटा आणि रुपयाची तीन नाणी तिच्यापुढे मांडलीत, एक नोट मोडून दहाच्या दहा नोटा घ्यायला लावल्यात आणि त्यांतली एक मोडून सुटे रुपये घ्यायला सांगितलेत. शंभराच्या चार, दहाच्या नऊ आणि सुटे तेरा रुपये समोर आल्यावर, मध्ये शून्य असताना दशक कुठून आणायचा हे तिला कोणालाच समजावून सांगावे लागले नाही. 225 हे उत्तर तिने त्या नोटांतूनच काढले.

त्या दिवसापासून आमच्या घरात उत्तर बरोबर असो वा चूक, पहिला प्रश्न ‘कसे काढलेस?’ हाच असतो. बरोबर उत्तरालाही तो विचारावा, हा आपला आग्रह मला विशेष मोलाचा वाटतो, कारण केवळ चुकल्यावरच विचारणा झाली, तर मुलांना तो प्रश्न म्हणजे दटावणीच वाटू लागते.

माझ्या सासूबाईंची शाळा चौथीतच सुटली. पण पावकी, निमकी, दिडकी आणि अडीचकी हे पाव, अर्धा, दीड आणि अडीचचे पाढे त्यांना अजून तोंडपाठ आहेत. त्या गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजाराला जातात, तेव्हा नातीला बरोबर न्यावे, असे आपण सुचवलेत. चाळीस रुपये किलोने अडीच किलो वांगी घेतली तर किती झाले, हे आजी अडीचकीने सांगते. नात दोन किलोचे ऐंशी आणि अर्ध्याचे वीस असे मिळवून सांगते. दोघींचे शंभरच येतात. पिशवीत माल पडण्याआधी अंदाज सांगायचा आणि मग हिशेब जुळतो का ते पाहायचे, एवढाच नियम आपण घालून दिलात. अपूर्णांकांची ओळख तिला पुस्तकाआधी अशी तराजूपाशी झाली.

‘आमच्या घराण्यातच गणित नाही’ हे वाक्य मुलांच्या कानांवर पडू देऊ नका, असे आपण आम्हाला बजावले होते. पुढे माझ्या वाचनात आले, की 2015 साली अमेरिकेत पहिली-दुसरीच्या मुलांवरचे एक संशोधन प्रसिद्ध झाले होते. ज्या पालकांना स्वतःलाच गणिताची धास्ती वाटते, ते वारंवार गृहपाठ घ्यायला बसले, की त्यांच्या मुलांची गणितातली प्रगती कमी होते आणि धास्ती वाढते, असे त्यात आढळले. घड्याळ लावून पाढे म्हणून घेण्यालाही आपला विरोध होता. पाढे पाठ हवेतच, घाई नको.

मला सर्वांत भावली ती आपण दिलेली कापरेकरांची वजाबाकी. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर 1930 ते 1962 या काळात आपल्या देवळालीत शिक्षक होते आणि 6174 या संख्येचा गुणधर्म त्यांनी शोधला, हे नाशिकच्या प्रत्येक मुलाला ठाऊक असायला हवे. चारही अंक एकच असलेल्या संख्या सोडून कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, तिचे अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करायची, आलेल्या उत्तरावर (ते तीन अंकी आले, तर पुढे शून्य धरून) पुन्हा तेच करायचे. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत 6174 येते. त्यांचे जन्मवर्ष 1905 घेतले, तर 9351, 8172, 7443, 3996, 6264, 4176 आणि 6174 अशा पूर्ण सात पायऱ्या लागतात. उसने घेण्याच्या वजाबाकीचा एवढा सराव कोणी सांगून केला नसता; माझ्या मुलीने तो आपणहून वहीची पाने भरून केला. शिवाय प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज नऊच्या पटीत येते, त्यामुळे उसना दशक विसरला असेल, तर स्वयंपाक करता करतासुद्धा मला ते ओळखता येते. वजाबाकी पुन्हा न करताही तपासता येते, ही किल्ली आपण आमच्यासारख्या पालकांच्या हाती दिलीत, याचे ऋण फार मोठे आहे.

मुलगी आता चौथीत गेली आहे. तिच्या वर्गातील आणखी दोन मुलांचे पालक येत्या रविवारी येऊ इच्छितात. त्यांनाही आपण आमच्याबरोबर बसवून घ्यावे, ही नम्र विनंती.

आपली कृतज्ञ,
एक पालक
पंचवटी, नाशिक