सोसायटीच्या बागेत ऋतू दिसू द्या

मा. संपादक,
सस्नेह नमस्कार.

जून जवळ आलाय, म्हणजे सोसायट्यांच्या ग्रुपवर आता गार्डनचा विषय निघणार आणि ठरणार तेच जे दरवर्षी ठरतं, मधे लॉन, कडेला ड्युरांटाची पिवळी बॉर्डर, गेटपाशी दोन पाम. म्हणून आत्ताच लिहितोय.

आपल्याकडे इंग्लिश गार्डन म्हटलं की हिरवंगार लॉन एवढंच डोळ्यासमोर येतं. पण तिकडे पाऊस वर्षभर थोडा थोडा पडत राहतो म्हणून ते गवत टिकतं, आपल्याकडे चार महिने कोसळतो आणि मग उन्हाळ्यात लॉन जगवायला टँकर मागवायचा, हे मला अजिबात पटत नाही. त्या लोकांकडून घ्यायचंच तर त्यांचं प्लॅनिंग घ्या ना. जानेवारी-फेब्रुवारीत स्नोड्रॉपची फुलं, मार्चात डॅफोडिल, मेच्या सुमारास झाडांखाली ब्लूबेल, जूनमध्ये गुलाब, सप्टेंबरात ॲस्टर, एक ओसरलं की दुसरं वर येतंच, कारण ते आधीच ठरवून लावलेलं असतं. इंग्लंडमधल्या एसेक्समध्ये बेथ चॅटो या नावाजलेल्या बागकाम-लेखिकेने १९९१-९२ च्या सुमाराला जुन्या कार पार्किंगच्या जागेवर खडी पसरून बाग केली, तिथे पाऊस वर्षाला साधारण ५०० मिलिमीटरच, म्हणजे पुण्याहून कमी, तरी त्या बागेला वरून पाणी घालत नाहीत, त्या जमिनीला मानवणारीच झाडं लावलीयेत. आणि तिथल्याच ससेक्समधल्या ग्रेट डिक्स्टर या बागेत तिचे मालक आणि बागकाम-लेखक क्रिस्टोफर लॉइड यांनी १९९३ मध्ये जुनी गुलाबबाग काढून चक्क कर्दळी, डेलिया आणि केळी लावल्या, थंडीत केळीचे बुंधे नेच्याच्या पानांनी गुंडाळून ठेवतात. आपल्या परसातली कर्दळ तिकडे एवढ्या मानाने वाढवतात आणि इथे नव्या सोसायट्यांत ती शोधूनही सापडत नाही!

आपल्याकडे काय कमी आहे सांगा. फेब्रुवारी-मार्चात काटेसावर, पळस, पांगारा, मग एप्रिल-मेमध्ये बहावा आणि ताम्हण, पाऊस लागला की अनंत, भाद्रपदात पारिजातक, थंडीत शेवंती आणि कोरांटी. बुचाचं झाड तर पुण्यात कितीतरी जुन्या रस्त्यांवर आहे, दिवाळीच्या आसपास सकाळी फुटपाथवर त्याच्या लांब देठांच्या पांढऱ्या फुलांचा सडा असतो, मुली त्या देठांचीच गुंफण करून गजरा करतात, दोरासुद्धा लागत नाही. तरी नवीन लावताना कोणी बुच मागत नाही.

सगळ्यात वाईट तेरड्याचं वाटतं. श्रावणात कुंपणाकडेला आपणहून उगवतो, गुलाबी फुलं धरतो, पिकलेल्या बोंडाला बोट लावलं की टचकन फुटून बिया उडतात, लहान मुलं तासन् तास त्यात रमतात. आमच्याकडे मात्र मेंटेनन्सवाले दरवर्षी तण म्हणून तो मुळासकट उपटतात आणि गौरी आल्या की आम्ही सगळे मंडईत जाऊन त्याच तेरड्याच्या जुड्या विकत आणतो.

माझी कमिट्यांना एवढीच विनंती आहे की या जूनमध्ये कॉन्ट्रॅक्टरकडून झाडांच्या यादीबरोबर प्रत्येक झाडापुढे ते कुठल्या महिन्यात फुलतं हेही लिहून घ्या, जो महिना रिकामा दिसेल त्यासाठी इथलंच काहीतरी लावा आणि निदान कुंपणाकडेची पट्टी गौरी होईपर्यंत खुरपू नका. आणि तुम्हाला विनंती, रविवारच्या पुरवणीत या आठवड्यात पुण्यात काय फुललंय आणि कुठे बघायला मिळेल याची एक छोटी चौकट सुरू कराल का?

आपला,
एक नियमित वाचक, कोथरूड, पुणे